लिनक्स कीं बी. एस. डी.?



संगणकाच्या जगांत ज्या वादांना पूर्णविराम असा कधीं मिळत नाहीं, त्यांपैकीं एका वादाचा परामर्श आज मला घ्यावयाचा आहे. लिनक्स आणि बी. एस. डी. या दोन मुक्त संचालन-प्रणालींच्या पुरस्कर्त्यांमध्यें हा वाद गेलीं तीस वर्षें व त्याहूनहि अधिक काळ चालला आहे. संचालन-प्रणाली, म्हणजे व्यवहारांत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, ही संगणकाची कारभारीण होय. कोणत्या कामाला किती स्मृति द्यावयाची, कोणती वस्तु कोठें सांठवावयाची, एकाच वेळीं चाललेल्या अनेक कामांपैकीं कोणाची पाळी केव्हां यावयाची, हा सर्व बंदोबस्त तिच्या हातीं असतो. आणि ‘मुक्त’ हें विशेषण अशासाठीं कीं, ज्या मूळ आज्ञावलीनें ती घडली, ती कोणासहि वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां येते.

वादी आणि प्रतिवादी एकाच कुळांतील आहेत. त्या कुळाचें नांव युनिक्स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. प्रयोगशाळेची मालकी ए. टी. अँड टी. या दूरध्वनि कंपनीकडे होती, आणि १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळें तिला दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यांत पडण्यास मज्जाव होता. त्यामुळें युनिक्सचें दुकान न मांडतां कंपनीनें ती मूळ आज्ञावलीसह विद्यापीठांना अल्प मूल्यांत दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय आदि तरुणांनीं तिच्यांत जी भर घातली, तीच बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, अर्थात् बी. एस. डी. इंटरनेटच्या दळणवळणाची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती १९८३ सालच्या बी. एस. डी.च्या आवृत्तींतूनच विद्यापीठा-विद्यापीठांत पोंचली.

लिनक्सची कथा निराळी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं युनिक्ससारखी, परंतु पहिल्या ओळीपासून नव्यानें लिहिलेली मुक्त प्रणाली निर्मिण्याचा संकल्प सोडला. अवजारें तयार झालीं, पण गाभा राहून गेला. तो १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहिला. तेव्हां बी. एस. डी. ही युनिक्सची औरस कन्या, आणि लिनक्स ही मानसकन्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां औरस कन्या मागें कां पडली? येथें बरेच वादपटु घाई करतात. लिनक्सचा प्रसार अधिक, सबब ती श्रेष्ठ, असें ते म्हणतात. इतिहास तसें सांगत नाहीं. १९९२ सालीं ए. टी. अँड टी.च्या एका उपकंपनीनें बी. एस. डी. विकणाऱ्या कंपनीवर फिर्याद केली, आणि मग विद्यापीठहि त्यांत ओढलें गेलें. दावा १९९४ च्या आरंभीं तडजोडीनें मिटला. ज्या आवृत्तीवरून हें रण माजलें, तिच्यांतील सुमारें १८,००० फाइलींपैकीं अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या! परंतु त्या दोन वर्षांत बी. एस. डी.वर संशयाचें सावट पडलें, आणि घरगुती संगणकासाठीं मुक्त प्रणाली शोधणारा तरुण लिनक्सकडे वळला. बी. एस. डी.ची तशी आवृत्ति आपल्याला वेळेवर मिळाली असती, तर आपण लिनक्सच्या भरीस बहुधा पडलोंच नसतों, अशा आशयाचें खुद्द टॉरव्हॉल्ड्स यांनींच पुढें सांगितलें आहे. म्हणून शिरगणतीला गुणवत्तेचा पुरावा मानूं नये.

गुणांचीच तुलना करावयाची, तर पारडें कधीं इकडे, कधीं तिकडे झुकतें. लिनक्स म्हणजे वस्तुतः केवळ गाभा. त्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं अवजारें रचून डेबियन, फेडोरा इत्यादि संच सिद्ध केलेले असतात. उलट फ्रीबीएसडीमध्यें गाभा व मुख्य अवजारें एकाच मंडळीच्या देखरेखीखालीं वाढतात. त्यामुळें तिच्या रचनेंत एकसूत्रीपणा आढळतो. नेटफ्लिक्सचीं चित्रपट पुरविणारीं यंत्रें तिच्यावरच चालतात. तथापि नवें यंत्र बाजारांत आलें कीं त्याला ओळखणारी आज्ञावली बहुधा लिनक्समध्यें आधीं येते. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगांतील अग्रगण्य ५०० महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आलें आहे.

परंतु वादाचें खरें मर्म गुणांत नसून परवान्यांत आहे. दोन्ही पक्ष दातेच आहेत. भांडण आहे तें दानाच्या अटीविषयीं. बी. एस. डी.चा परवाना म्हणजे वाटेवरची पाणपोई. कोणीहि यावें, तहान भागवावी, हवें तर घागर भरून न्यावी व तें पाणी विकावें. फक्त पाणपोई घालणाऱ्याचें नांव पुसूं नये. लिनक्सचा परवाना, ज्याला जनरल पब्लिक लायसन्स म्हणतात, तो गांवच्या तळ्यासारखा आहे. आपल्या शेतापर्यंत पाट खुशाल न्या. परंतु त्या पाटाचें पाणी दुसऱ्यास द्याल, तर त्यालाहि पुढें पाट काढण्याचा तोच हक्क द्या. मध्येंच फाटक घालून कुलूप लावूं नका.

या भेदाचीं फळें प्रत्यक्ष दिसतात. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची प्रणाली फ्रीबीएसडीवर उभारलेली आहे. तें यंत्र विकत घेणाऱ्यास मात्र तिची आज्ञावली मिळत नाहीं, आणि परवान्याप्रमाणें त्यांत गैर कांहींच नाहीं. याच्या उलट २००३ सालीं लिंक्सिस कंपनीच्या एका बिनतारी राउटरांत लिनक्स असल्याचें जाणकारांनीं ओळखलें व परवान्यावर बोट ठेवलें. कंपनीला आज्ञावली खुली करावी लागली, आणि तिच्यांतूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांची मुक्त प्रणाली उदयास आली.

मग पाणपोई वाईट काय? मुळींच नाहीं. जी रीत सर्वांनीं उचलावी अशी आपली इच्छा असते, तिला अटींचें ओझें जितकें कमी तितकें बरें. दूरच्या यंत्राशीं सुरक्षितपणें बोलण्याचें ओपनएसएसएच हें साधन ओपनबीएसडीच्या मंडळींनीं १९९९ सालीं सिद्ध केलें, आणि आज लिनक्सवाले तेंच वापरतात. लिनक्सच्या वाड्याला कुलूप बी. एस. डी.च्या कारखान्यांतलें आहे, ही गोष्ट उभय पक्षांच्या अभिमान्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

माझा अभिप्राय असा: जें सर्वत्र पसरावें एवढीच अपेक्षा आहे, त्यासाठीं बी. एस. डी.ची निरपेक्ष रीत उत्तम. परंतु जें अनेकांच्या श्रमांतून वर्षानुवर्षें वाढावयाचें आहे, विशेषतः जें लोकांच्या पैशानें उभें राहतें, त्याला लिनक्सच्या अटीचें कुंपण असावें. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं डेबियनच्या आधारें ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावून घेणारी लिनक्स प्रणाली प्रसृत केली. अशा कामांत आज घातलेली भर उद्यां एखाद्याच्या तिजोरींत बंद झाली, तर नुकसान कोणा एका लेखकाचें नव्हे, लोकांचें होईल. 

म्हणून या दोहोंपैकीं एकीची निवड करण्याचा प्रसंग आला, तर ‘श्रेष्ठ कोणती’ हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा. आपलें काम कोणतें, आणि आपल्या हातून पुढें जाणाऱ्या वस्तूवर पुढच्याचा हक्क किती राहावा असें आपणांस वाटतें, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. त्यांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, कीं निवड अवघड राहत नाहीं. आणि दुसरी वाट धरणाऱ्याला मूर्ख म्हणण्याची आवश्यकताहि उरत नाहीं.