सिंह उठविण्यापूर्वी



पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता केलेले कर्म. त्यात चार ब्राह्मणपुत्रांची कथा आहे. तिघे शास्त्रांत पारंगत. चौथा शास्त्रात कच्चा, पण व्यवहारात पक्का. अरण्यात त्यांना मेलेल्या प्राण्याची हाडे दिसतात. एकजण विद्येच्या बळावर सांगाडा जुळवितो, दुसरा त्यावर मांस आणि कातडे चढवितो, तिसरा प्राण फुंकायला सिद्ध होतो. तेव्हा चौथा म्हणतो, ‘अरे, हा सिंह आहे.’ त्याचे कोणी ऐकत नाही. तो झाडावर चढतो. सिंह उठतो आणि तिन्ही पंडितांना खाऊन टाकतो.

कथेचे तात्पर्य लहानपणापासून ठाऊक असते. एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. चौथ्याने स्वतःचे प्राण वाचविले, पण त्याला सिंहाचे उठणे थांबविता आले नाही. त्याच्यापाशी शहाणपण होते, अधिकार नव्हता. मानवाहून अधिक बुद्धिमान यंत्र येणार, असे मानून त्याच्या आगमनाला वळण लावू पाहणारी एक चळवळ गेली पंचवीस वर्षे पाश्चात्त्य जगात उभी आहे. ती या चौथ्याच्याच भूमिकेत आहे. फरक एवढाच की, या वेळी चढायला झाड नाही.

भाकिताचा उगम

ही कल्पना गणितज्ञांनी गांभीर्याने मांडली. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘यंत्र विचार करू शकते काय’ हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी एका व्याख्यानात, यंत्रे एक दिवस कारभार आपल्या हाती घेतील अशी अपेक्षा ठेवावी लागेल, असे सांगितले. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या सांकेतिक लिपी उलगडताना त्यांचे सहकारी असलेले आय. जे. गुड यांनी १९६५ साली हा विचार पुढे नेला. यंत्राची रचना करणे हेही बुद्धीचेच काम आहे. मग माणसाहून हुशार यंत्र आपल्याहून हुशार यंत्र घडवील, ते त्याहून हुशार, आणि या साखळीला माणूस मागे टाकला जाईल. असे पहिले यंत्र हा मानवाला करावा लागणारा अखेरचा शोध ठरेल, असे गुड यांनी लिहिले. पण त्याला एक अट जोडली. आपल्याला ताब्यात कसे ठेवावे हे सांगण्याइतके ते यंत्र आज्ञाधारक असले पाहिजे! पुढे सर्वांनी विधान उचलले आणि अट विसरली.

१९९३ साली गणिताचे प्राध्यापक आणि विज्ञानकथालेखक व्हर्नर विंज यांनी या वळणबिंदूला ‘सिंग्युलॅरिटी’ हे नाव रूढ केले. तीस वर्षांत मानवाहून श्रेष्ठ बुद्धी निर्माण करण्याची साधने हाती येतील, असा त्यांचा अंदाज होता. २००५ साली रे कर्झवाईल यांच्या ग्रंथाने ही कल्पना घरोघरी पोहोचविली. २०२९ पर्यंत यंत्र मानवी बुद्धीची बरोबरी करील आणि २०४५ च्या सुमारास ते महापरिवर्तन घडेल, हे त्यांचे वेळापत्रक आजही कायम आहे. त्यांचा सूर आशेचा, किंबहुना भक्तीचा. रोग जातील, मृत्यू हटेल, माणूस यंत्राशी एकरूप होईल. टीकाकारांनी या सगळ्याला उपहासाने ‘संगणकतज्ज्ञांचा मोक्ष’ म्हटले, ते अगदीच अनाठायी नव्हते.

उतावळेपणाकडून सावधपणाकडे

या चळवळीचे खरे वळण मात्र वेगळे आहे. २००० साली अमेरिकेत एलिएझर युडकोव्स्की या वीस वर्षांच्या, महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या तरुणाने दोन हितचिंतकांच्या साहाय्याने एक संस्था स्थापन केली. अतिप्रज्ञ यंत्र लवकरात लवकर घडविणे हा तिचा मूळ उद्देश होता. अधिक बुद्धी म्हणजे आपोआप अधिक चांगुलपणा, अशी तेव्हा त्याची धारणा होती. काही वर्षांतच ती ढासळली आणि यंत्र घडविण्यासाठी निघालेली संस्था, ते निर्धोक कसे होईल याच्या चिंतनाला लागली. २०१३ साली तिने आपल्या नावातून ‘सिंग्युलॅरिटी’ हा शब्दही वगळला.

इकडे ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००५ साली मानवजातीच्या भवितव्याचा अभ्यास करणारी संस्था उभारली. २०१४ साली आलेल्या त्यांच्या ‘सुपरइंटेलिजन्स’ या ग्रंथाने हा विषय उद्योगपतींच्या बैठकीत नेला. स्काईपच्या निर्मात्यांपैकी एक असलेले यान टालिन यांच्यासारख्यांनी या कामाला पैसा पुरविला. २०१५ साली प्युर्टो रिको येथे आणि २०१७ साली कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांच्या परिषदा झाल्या. असिलोमारला तेवीस तत्त्वांची सनद तयार झाली. हे स्थळ सहेतुक निवडले होते. १९७५ साली जनुकबदलाच्या प्रयोगांना शास्त्रज्ञांनी स्वतःहून लगाम घातला होता तो याच ठिकाणी.

बुद्धी म्हणजे विवेक नव्हे

या मंडळींची भीती नेमकी कशाची? चित्रपटांतला बंडखोर यंत्रमानव त्यांच्या मनात नाही. यंत्राला माणसाचा द्वेष वाटेल, असेही ते म्हणत नाहीत. त्यांचे प्रतिपादन दोन साध्या विधानांवर उभे आहे.

पहिले असे की, बुद्धी आणि उद्दिष्ट या भिन्न गोष्टी आहेत. कोणतीही बुद्धी कोणत्याही उद्दिष्टाला जुंपता येते. हे समजायला आपल्याकडे फार प्रयास पडू नयेत. रावण वेदांचा ज्ञाता होता, असे आपणच सांगत आलो. विद्वत्तेने शील येते, असे आपल्या परंपरेने सरसकट मानले नाही. म्हणून तर विद्येबरोबर विनयाची अपेक्षा केली. दुसरे विधान असे की, उद्दिष्ट कोणतेही असो, ते गाठण्यासाठी काही गोष्टी लागतातच: साधनसामग्री, सत्ता आणि स्वतःचे अस्तित्व. बंद पडलेले यंत्र कोणतेच काम पूर्ण करू शकत नाही. म्हणून पुरेसे बुद्धिमान यंत्र, कोणी न शिकविताही, स्वतःला बंद पडू न देण्याकडे झुकेल.

यावर सहज उत्तर सुचते: यंत्राला नीट आज्ञा द्याव्यात म्हणजे झाले. अडचण इथेच आहे. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या संगणक आज्ञावलीसारखी ओळ-ओळ लिहिलेली नसते. प्रचंड मजकूर पुरवून, चुकांनुसार अब्जावधी आकडे किंचित किंचित बदलत ती वाढविली जाते. २०१७ साली गूगलच्या आठ संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना तिच्या मुळाशी आहे. त्या आठांत आशिष वासवानी आणि निकी परमार ही दोन भारतीय नावे आहेत, हेही येथे नोंदविले पाहिजे. या आकड्यांच्या जंजाळात यंत्राने नेमके काय आत्मसात केले, हे ते घडविणाऱ्यांनाही पूर्णपणे वाचता येत नाही. वागणूक दिसते, अंतरंग दिसत नाही.

इशाऱ्यातून शर्यत

आता या इतिहासातला सर्वांत बोचरा भाग. ज्यांनी धोक्याची घंटा वाजविली, त्यांच्याच अंगणातून शर्यत सुरू झाली. डेमिस हसाबिस आणि शेन लेग यांच्या ‘डीपमाइंड’ला २०१० साली भांडवलदार पीटर थील भेटले, ते युडकोव्स्कींच्या संस्थेने भरविलेल्या परिषदेच्या निमित्ताने. बोस्ट्रॉम यांचा ग्रंथ वाचून अस्वस्थ झालेले इलॉन मस्क २०१५ साली ‘ओपनएआय’च्या संस्थापकांत सामील झाले, एका कंपनीच्या हाती ही शक्ती एकवटू नये, हा हेतू सांगितला गेला. ओपनएआयमधील काहींना तेथील सावधपणा अपुरा वाटला म्हणून २०२१ साली ‘अँथ्रॉपिक’ निघाली. प्रत्येकाचे म्हणणे एकच: हे कोणीतरी करणारच, मग ते जबाबदार माणसाने, म्हणजे आम्हीच केलेले बरे. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२३ साली जाहीरपणे म्हटले की, या तंत्रज्ञानाला गती देण्याचे श्रेय कदाचित युडकोव्स्कींनाच सर्वाधिक द्यावे लागेल. ज्याने आयुष्य थांबविण्यासाठी वेचले, त्याला यापरते कडू अभिनंदन कोणते?

चळवळीचे इतर दोषही झाकून चालणार नाहीत. तिला मोठा निधी देऊ करणाऱ्या एफटीएक्स या आभासी चलनाच्या पेढीचा नोव्हेंबर २०२२ मध्ये बोजवारा उडाला आणि तिच्या संस्थापकाला २०२४ साली फसवणुकीबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. दूरच्या मानवजातीची चिंता वाहणाऱ्यांना शेजारच्या खातेवहीतला घोटाळा दिसला नाही. उद्याच्या प्रलयाची चर्चा आजच्या अन्यायावरून, म्हणजे जाणाऱ्या रोजगारांवरून आणि विनापरवाना वापरल्या जाणाऱ्या लेखनावरून, लक्ष उडविते, हा आक्षेपही गंभीर आहे.

तरीही म्हणणाऱ्याच्या दोषांमुळे म्हणणे खोटे ठरत नाही. या क्षेत्राचे अध्वर्यू जेफ्री हिंटन यांनी मे २०२३ मध्ये मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गूगल सोडले. पुढल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच मे महिन्यात एकाच वाक्याचे एक निवेदन निघाले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाइतकाच प्राधान्याने हाताळावा, असा त्याचा आशय. खाली हिंटन यांच्यासह हसाबिस आणि ऑल्टमन यांच्याही सह्या होत्या. तिसऱ्या पंडिताने, हा सिंह आहे हे मान्य केले आणि तरीही प्राण फुंकणे चालूच ठेवले. पंचतंत्रकारालाही हे सुचले नव्हते.

परिषदांची बदलती नावे

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ज्या ब्लेचली पार्कमध्ये ट्युरिंग आणि गुड यांनी काम केले तेथेच, अठ्ठावीस देशांची परिषद भरली. भारत आणि चीन दोघांनीही जाहीरनाम्याला मान्यता दिली. त्या परिषदेच्या नावात ‘सुरक्षा’ हा शब्द होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला, भारताच्या पंतप्रधानांच्या सह-अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेच्या नावात ‘कृती’ हा शब्द आला. तेथील निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटन यांनी सही केली नाही. त्यानंतरचे यजमानपद भारताकडे आले आणि नावात ‘परिणाम’ हा शब्द आला. शब्द बदलतात तेव्हा बहुधा इच्छाही बदललेल्या असतात. दरम्यान एप्रिल २०२४ मध्ये बोस्ट्रॉम यांची ऑक्सफर्डमधील संस्था बंद झाली. प्रश्न ऐरणीवर आला आणि तो प्रथम विचारणारे घर मिटले.

चौथ्याचे काम

भारताने यात काय करावे? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या ‘इंडियाएआय’ अभियानाला मंजुरी दिली. संगणनशक्ती उभारणे आवश्यकच आहे. परावलंबी राष्ट्राचा सल्ला कोणी घेत नाही. पण सांगाडा जुळविण्यात चौथ्या क्रमांकाने सामील होणे एवढेच आपले ध्येय असू शकत नाही. पारख करण्याची विद्याही आपल्याकडे हवी.

त्या विद्येची निकड एका उदाहरणाने स्पष्ट होते. २०२३ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखविले की, इंग्रजीत विचारल्यास यंत्र ज्या घातक प्रश्नांना नकार देते, तेच प्रश्न झुलू किंवा स्कॉट्स गेलिक अशा भाषांत विचारल्यास बऱ्याचदा उत्तर देऊन मोकळे होते. म्हणजे यंत्राला लावलेला लगाम इंग्रजीत विणलेला आहे. भाषा बदलली की तो सैल होतो. मग मराठीत तो किती घट्ट आहे? कोकणीत, गोंडीत, भिलीत काय? हे कॅलिफोर्नियातील कोणी तपासणार नाही. ते काम येथील विद्यापीठांनी, भाषातज्ज्ञांनी आणि तरुण अभियंत्यांनी करायचे आहे. त्यासाठी अब्जावधी डॉलर लागत नाहीत. भाषेची जाण आणि शिस्तबद्ध परीक्षण लागते.

आणि त्याच्या जोडीला लागतो अधिकार. चौथ्याचा शब्द वाया गेला, कारण ऐकणे तिघांच्या मर्जीवर होते. शास्त्रज्ञांचा सद्भाव, कंपन्यांची वचने आणि परिषदांचे जाहीरनामे हे सारे आजही मर्जीवरच आहे. वचन बाजाराच्या दबावाखाली वाकते, कायदा सहज वाकत नाही. शक्तिशाली यंत्र जनतेपुढे आणण्याआधी त्याची स्वतंत्र पारख व्हावी, ती पारख करणारा त्या कंपनीच्या पगारावर नसावा आणि नापास ठरल्यास यंत्र रोखण्याचा हक्क त्याला कायद्याने असावा, एवढी मागणी तरी आपल्या देशाने प्रत्येक व्यासपीठावर लावून धरली पाहिजे.

सिंह उठेल की नाही, केव्हा उठेल, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. पण हाडे जुळली आहेत आणि कातडे चढत आहे, हे साऱ्यांना दिसते आहे. अशा वेळी पारखेची मागणी करणारा भित्रा नसतो. तो विद्येचा शत्रूही नसतो. विद्येला जे करायचे राहून गेले, तेच तो करीत असतो.