एका टोळाच्या दोन वृत्ती

मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती-नागपूरपर्यंत आली, तेव्हा बीदर-गुलबर्ग्याच्या शेतकऱ्यांनाही सावधगिरीचा इशारा मिळाला होता. हाच वाळवंटी टोळ एरवी मात्र एकटा राहणारा, बुजरा जीव असतो. पावसानंतर वाळवंटात हिरवळ येते, टोळ वाढतात. पुढे चारा आटला की ते दाटीने एकत्र येतात. मागील पायांना परस्परांचा स्पर्श होऊ लागताच काही तासांत त्यांचे वर्तन पालटते. कालांतराने रंगही बदलतो. जनुके तीच राहतात. त्यांतील कोणते जागे व्हावे आणि कोणते निजावे, एवढेच बदलते. या नियमनाच्या अभ्यासास ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. दाटीत वाढलेली मादी ही वृत्ती अंड्यांवाटे पिलांनाही देते. म्हणून खरा पहारा वाळवंटातील पावसानंतरच हवा. शिवारात थवा उतरल्यावर डबे बडविणे हा उशिराचा उपाय होय.