मी पाहिलेले रोआनोक

(मंडळाच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसबाईंनी मला अमेरिकेच्या प्रवासाविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. मी काही वक्ती नव्हे, आणि अमेरिकेला तर आपल्यापैकी पुष्कळजणी मुलांकडे जाऊन आल्या आहेत. नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या इमारती यांची वर्णने या सभागृहात होऊन गेली. ती मी पुन्हा सांगत नाही. मी एका रेल्वेच्या गावाविषयी सांगणार आहे. आपणही रेल्वेच्याच गावच्या. माझे वडील गार्ड होते आणि शंटिंगच्या आवाजावर आम्ही भावंडे झोपी जात असू. म्हणून ते गाव मला परके वाटले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी व्हर्जिनिया राज्यात ब्लॅक्सबर्ग येथे मुलीकडे गेले होते. तेथून मोटारीने पाऊण तासावर रोआनोक नावाचे शहर आहे. वस्ती एक लाखाच्या आसपास. म्हणजे त्या देशाच्या मानाने लहानच. एका रविवारी लेक म्हणाली, "आई, चल, तुला तुझ्या आवडीचे काहीतरी दाखवते."

या गावाचे पूर्वीचे नाव बिग लिक. १८८० साली तेथे सातशेसुद्धा माणसे नव्हती. पुढे दोन रेल्वेमार्गांचा तेथे मिलाफ झाला, १८८२ साली गावाला रोआनोक हे नाव मिळाले, आणि दहा वर्षांत वस्ती सोळा हजारांवर गेली. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे मुख्य ठाणे तेथे होते. कंपनीचा मोठा धंदा डोंगरातील कोळसा वाहून नेण्याचा. कोळसा घरचाच, म्हणून इतर कंपन्या डिझेलकडे वळल्या तरी हिने वाफेची इंजिने सोडली नाहीत. ती इंजिने रोआनोकच्याच कारखान्यात तयार होत. अखेर १९६० साली तेथेही वाफ थांबली. १९७९ साली उतारूंची गाडी बंद झाली. १९८२ साली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि मुख्य कचेरी दुसऱ्या शहरी गेली. रेल्वेच्या गावातून रेल्वेच निघून गेली म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या लोको शेडची चूल विझली तेव्हा बाजारातील किती दुकाने बसली, ते आपण पाहिले आहे.

रोआनोकच्या लोकांनी मात्र जुन्या वास्तू पाडून टाकल्या नाहीत, त्यांना नवी कामे दिली. स्टेशनासमोर टेकडीवर रेल्वे कंपनीचे १८८२ चे भव्य हॉटेल आहे. ते १९८९ साली बंद पडले आणि कंपनीने ते ब्लॅक्सबर्गच्या विद्यापीठाच्या हवाली केले. ते पुन्हा उघडावे म्हणून गावातील लोकांनी वर्गणी काढली, आणि १९९५ साली ते उघडले. कंपनीच्या कचेरीच्या इमारतीत आता उच्च शिक्षणाचे केंद्र भरते. जुन्या मालधक्क्यात वाहतुकीचे संग्रहालय आहे. ते पूर्वी नदीकाठच्या बागेत होते. १९८५ च्या पुरात त्याची वाताहत झाली, तेव्हा १९८६ साली त्याला मालधक्क्याची जागा मिळाली. २०१७ च्या ऑक्टोबरात, अडतीस वर्षांनी, उतारूंची गाडीही परत आली.

त्या मालधक्क्यात ६११ नंबरचे इंजिन उभे आहे. १९५० साली याच गावात घडवलेले. काळेभोर, अंगावर लांबलचक लाल पट्टा, आणि तोंड बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते. मी त्याच्या चाकावर हात ठेवला. चाक माझ्या डोक्याच्या उंचीला लागत होते.

जुन्या स्टेशनात विन्स्टन लिंक नावाच्या छायाचित्रकाराचे संग्रहालय आहे. १९५५ ते १९६० या काळात हा न्यूयॉर्कचा गृहस्थ स्वखर्चाने तेथे वारंवार येई आणि वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे रात्रीच्या अंधारात घेई. तारांनी जोडलेले कितीतरी दिवे एकाच क्षणी पेटवावे लागत. एक चूक झाली की रात्र फुकट. पण मला त्या चित्रांतील इंजिनांपेक्षा माणसेच जास्त आवडली. एकात घराच्या बैठकीतून लहान मुलगा खिडकीबाहेरच्या गाडीकडे पाहून हात हलवतो आहे. दुसऱ्यात मुले ओढ्यात डुंबत आहेत आणि वरच्या पुलावरून गाडी चालली आहे. भगिनींनो, ती मुले म्हणजे आपणच की!

इथपर्यंत सारे आनंदाचे झाले. पुढचे सांगितले नाही तर माझे सांगणे अर्धवट राहील.

रुळांच्या उत्तरेला, हॉटेलच्या मागल्या अंगाला गेन्सबरो नावाची वस्ती आहे. ही काळ्या लोकांची वस्ती. रेल्वेत मेहनतीची कामे करणारे कितीतरीजण तेथे राहत. त्यांची दुकाने, दवाखाना, नाटकगृह, सारे तेथे होते. बड्याबड्या गवयांनाही गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नसे, ते या वस्तीतील ड्यूमा हॉटेलात उतरत. १९५५ पासून शहरसुधारणेच्या नावाखाली त्या बाजूची शेकडो घरे पाडली गेली, काही तर जाळून टाकली. त्या जागेवरून हमरस्ता गेला, मोठे सभागृह झाले.

त्या वस्तीच्या वाचनालयात व्हर्जिनिया ली नावाच्या बाई १९२८ पासून १९७१ पर्यंत ग्रंथपाल होत्या. आपल्या लोकांच्या इतिहासाची पुस्तके त्या एकेक करून जमवीत. वरिष्ठांना ते खपेना. पुस्तके काढून टाका, असे त्यांना सांगण्यात आले. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पुस्तके तळघरात नेली आणि मागेल त्याला तेथून देत राहिल्या. तो संग्रह आज त्याच वाचनालयात त्यांच्या नावाने आहे. आणि ज्या मालधक्क्यात ते इंजिन उभे आहे, तेथेही रेल्वेतील काळ्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून, ध्वनिमुद्रित करून जपल्या आहेत. घरे गेली ती परत येत नाहीत. पण निदान बोलणे तरी उरले.

हे ऐकताना मला एक जुनी गोष्ट बोचू लागली. ती आज तुमच्यापुढे कबूल करते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी या मंडळाची चिटणीस होते. एका गुरुवारी भजनाच्या वेळी पुलापलीकडच्या खलाशी लाईनमधून एक म्हातारी आली. अंगावर धुवट पातळ, हातात टाळ. म्हणाली, "बाई, मला बी बसू द्या. माझा आवाज बरा हाय." वर्गणी किती, असेही तिने विचारले. मी म्हणाले, "आता नोंदणी संपली, आजी. पुढल्या वर्षी बघू." नोंदणी संपलेली नव्हती. ती "बरं" म्हणाली आणि पूल चढून गेली. पुढल्या वर्षी ती आली नाही, आणि मीही गेले नाही. तिचे नाव मी विचारले नव्हते.

आपल्या स्मरणिका मी परवा पहिल्यापासून चाळल्या. अध्यक्षा आहेत, देणगीदार आहेत, माझाही फोटो दोन वेळा आहे. इंजिनात कोळसा ओढणाऱ्यांच्या आणि रूळ ठोकणाऱ्यांच्या बायकांचा एक शब्द त्यांत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. खलाशी लाईनमध्ये अजून काही वृद्ध बाया आहेत. दर गुरुवारी आपल्यापैकी दोघींनी वही घेऊन पुलापलीकडे जावे, त्या सांगतील ते लिहून आणावे, आणि पुढच्या स्मरणिकेत ते त्यांच्या नावानिशी छापावे. आणि नोंदणीचे पुस्तकही बरोबर न्यावे. पहिल्या गुरुवारी मी जाते. गुडघे दुखतात, जिना मोठा आहे. कोणीतरी बरोबर यावे.