शाळेच्या कपाटातली पुस्तके
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला धम्मावर बोलायची रीत आहे. आम्ही आज शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटावर बोलणार आहोत. अमुक पुस्तक शाळेत नको, तमुक काढून टाका, असे बोल हल्ली कुठून ना कुठून कानावर येतात.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. त्यांच्या कौतुकाच्या सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ज्या मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यायला लावली, त्याच्या हाती हे पुस्तक शाळेबाहेरून आलं. पुढे १९५६ साली नागपूरला काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. कोणत्या पुस्तकाने कोणत्या पोराच्या डोक्यात उजेड पडेल, हे आधी कोण सांगू शकतो? म्हणूनच पुस्तक काढायला निघालेल्या माणसाची आम्हाला धास्ती वाटते.

आपण ही धास्ती भोगलेली आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला. जानेवारी १९८८ मध्ये आपल्याच विभागाच्या अमरावतीला प्रती जाळल्या गेल्या. जाळणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं होतं, देव जाणे! सरकार मागे सरलं. मग ५ फेब्रुवारीला मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, आणि या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही, अशी टीप आली. आमच्या मते तोडगा बरा होता. पटत नसेल तर शेजारी टीप लिहा, पण पान फाडू नका.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. २०१२ साली अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातलं शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र गाजलं. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. ते पाहून आपल्या माणसांना लागलं, आणि लागणं खोटं नव्हतं. पण मागणी झाली ती काढून टाकण्याची. ११ मे रोजी संसदेत गोंधळ झाला, सरकारने ते वगळायचं कबूल केलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली. चित्राखाली चार ओळी जास्त लिहायला लावल्या असत्या, संविधान सभेला वेळ का लागला ते मुलांना वर्गात विचारायला लावलं असतं, तर बाबासाहेबांचे कष्टच पोरांना कळले असते. १९८८ ला एक न्याय आणि २०१२ ला दुसरा, हे आम्हाला पटत नाही. कालाम सुत्त मुलांना शिकवायचं आणि तपासून पाहायची वेळ आली की पुस्तकच उचलून न्यायचं, हे कसं चालेल?

कोणी म्हणेल, दुसरीतल्या लेकराला काहीही वाचू द्यायचं का? नाही. वय पाहून पुस्तक हातात देणं हे गुरुजींचं कामच आहे. पण कोणाच्या भावना दुखतात म्हणून ते कपाटातूनच गायब करणं ही वेगळी गोष्ट झाली.

आपल्या हातात काय आहे, तेही ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलं आहे, गोष्टीच्या पुस्तकांसकट. शासकीय व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. म्हणजे आपल्यातलेच! आपल्या जळगाव जामोद तालुक्यात जे कोणी अशा समितीवर असतील त्यांनी बैठकीला जावं, नुसती सही करून येऊ नये. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे ते विचारावं. पुस्तक काढायची मागणी आलीच तर तीन गोष्टी मागाव्या: तक्रार लेखी हवी, तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, आणि निर्णय होईस्तोवर पुस्तक जागेवरच राहायला हवं. आणि हे पुस्तक आपल्याला बोचणारं असलं तरी!

चौथा खंड आपल्या विहाराच्या कपाटात आहे. रविवारी वंदनेनंतर कपाट उघडं असतं.

जयभीम! नमो बुद्धाय!