पत आधी, प्रसिद्धी नंतर

(ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील लघुउद्योजक व व्यापारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कल्याण हे पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली व ती शिलालेखांत नोंदविली. या लेखांत दात्याचे नाव असते, त्याचा व्यवसाय असतो, त्याचे गाव असते आणि काय दिले याचा उल्लेख असतो. आपण कोण, कुठले आणि आपण काय दिले, हे त्यांनी उघडपणे दगडावर कोरले. समाजमाध्यमांचा उपयोग व्यवसायासाठी कसा करावा, या आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या दगडांवर दिसते.

आपल्या परिसराचे अर्थजीवन परस्पर विश्वासातून घडले आहे. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ मध्ये ठाणे जनता सहकारी बँक आणि १९७३ मध्ये कल्याण जनता सहकारी बँक स्थापन झाली. त्या काळी या संस्थांचे खरे भांडवल होते ते चालकांच्या शब्दाला असलेली किंमत. १९९९ मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हा फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांचा जन्मही झाला नव्हता. तरीही ही प्रथा पाहता पाहता गावोगावी पोहोचली. कारण स्पष्ट आहे. माध्यम केवळ वाहून नेते. वाहून नेण्याजोगे काही निर्माण करणे हे आपले काम असते.

याचा अर्थ माध्यमाकडे पाठ फिरवावी असा नव्हे. फराळ, पापड, लोणची करणाऱ्या आमच्या भगिनींना, वागळे इस्टेटमधील छोट्या कारखानदाराला पूर्वी वृत्तपत्रातील जाहिरात परवडत नव्हती. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसने त्यांच्या हाती विनामूल्य दुकान दिले. वस्तूंची सूची, किंमत, कामाच्या वेळा हे सारे तेथे मांडता येते. मात्र मांडणी पूर्ण हवी. किंमत लपवून ‘संदेश पाठवा’ असे लिहिणारा दुकानदार ग्राहकाच्या मनात पहिल्याच पावलाला शंका निर्माण करतो. पदार्थात काय आहे, तो किती दिवस टिकेल, परवाना क्रमांक कोणता, हे मराठीत स्वच्छ लिहावे. आणि जेवढे करता येईल तेवढेच कबूल करावे. दिवाळीच्या तोंडावर शंभर किलोची मागणी स्वीकारून साठ किलो देणारा उद्योजक पुढच्या दिवाळीचे ग्राहक गमावतो.

दुसरा विषय प्रामाणिकपणाचा. आपल्याच आप्तांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहून घेणे किंवा पैसे मोजून ते विकत घेणे, याला काही जण चातुर्य समजतात. ही ग्राहकाची फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्या ‘इन्फ्लुएन्सर’ मंडळींनी तो संबंध, शिफारशीच्याच भाषेत, ठळकपणे सांगावा, असे केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. नाव, गाव आणि देणे उघड सांगण्याची कान्हेरीची रीतच जणू कायद्याने पुन्हा आपल्यासमोर ठेवली आहे.

तिसरी गोष्ट ग्राहकाच्या मर्यादेची. बिलासाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक ही आपल्याकडील ठेव आहे. ग्राहकाला न विचारता समूहात ओढणे म्हणजे त्याचा क्रमांक अनोळखी लोकांपुढे उघडा करणे होय. त्याऐवजी, संमती घेऊन, ‘ब्रॉडकास्ट’ यादी वापरावी. त्यात एकाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. २०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आणि त्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम याच संमतीला महत्त्व देतात.

आता सर्वांत गंभीर विषय. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि पाठोपाठ इतर बँकांविषयी अफवा उठल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून, बँकव्यवस्था सुरक्षित व स्थिर आहे, अफवांवरून घाबरू नका, असे सांगावे लागले. वर्षानुवर्षे जोडलेली पत एका ‘फॉरवर्ड’ने हादरू शकते. म्हणून ज्या समूहावर आपण माल विकतो, त्यावर खातरजमा न केलेली एक ओळही पुढे पाठवू नये. प्रतिस्पर्ध्याविषयीची तर मुळीच नाही.

मौनही तितकेच घातक ठरते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांत माणसे दगावली आणि आसपासची घरेदारे हादरली. अशा वेळी चित्रफिती क्षणार्धात पसरतात. पण कोणते रसायन आहे, खिडक्या बंद ठेवाव्यात काय, आपला माणूस कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे घाबरलेल्या शेजाऱ्याला हवी असतात. कारखान्याने आपत्कालीन यंत्रणेला तत्काळ खरी माहिती द्यावी आणि तीच अधिकृत पानावरूनही सांगावी. एरवी वर्षभर केवळ उत्पादनाची चित्रे टाकणाऱ्या पानावर त्या दिवशी सारे शांत असेल, तर ती पोकळी अफवाच भरून काढते. संवादाची सवय संकटापूर्वी लावावी लागते.

बंधू-भगिनींनो, उद्योग हे अर्थार्जनाचे साधन आहे, तसेच समाजऋण फेडण्याचेही आहे. स्वदेशीचा आग्रह आपण धरतो. पण स्वदेशी माल म्हणजे भरवशाचा माल, ही ओळख आपल्या वर्तनातूनच निर्माण होईल. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या दुकानाचे पान उघडून पाहावे. त्यावरील प्रत्येक वाक्य आपल्या नावागावासह दगडावर कोरता येईल काय, हे स्वतःला विचारावे. जे कोरता येणार नाही, ते आजच पुसून टाकावे.