धीर, परिश्रम आणि अगत्य : वडोदऱ्याच्या तीन प्रवाशांची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा हे व्याख्यान योजते, त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी आपल्याला तीन गुण निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा सांगितले. धीर धरा, कष्ट करा आणि लोकांशी सौजन्याने वागा. आयुष्य हा एक प्रवास आहे आणि या तीन गुणांच्या शिदोरीवर तो सुखरूप पार पडतो, हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी निबंधाच्या वहीत लिहिलेही असेल. आज या तीन गुणांविषयीच बोलावयाचे आहे, परंतु थोड्या वेगळ्या बाजूने.

हे तिन्ही गुण आपण एका दमात उच्चारतो, आणि त्यामुळे ते एकाच माणसाच्या अंगी असावयाचे गुण आहेत अशी आपली समजूत होते. वस्तुतः धीर आणि परिश्रम हे वाट चालणाऱ्याचे गुण आहेत. सौजन्य मात्र मुख्यतः दाराशी उभ्या असलेल्याचा, म्हणजे यजमानाचा गुण आहे. प्रवाशाने कितीही धीर धरला, कितीही कष्ट केले, तरी ज्या गावात तो पोचतो त्या गावाने दार उघडले नाही, तर त्याचा प्रवास पुरा होत नाही. हे मला तीन प्रवाशांच्या चरित्रांवरून मांडावयाचे आहे. तिघांचाही या वडोदरा शहराशी निकटचा संबंध आहे. एक येथे आला आणि राहिला, एक येथून निघून गेला, आणि एकाला येथून जावे लागले.

पहिला प्रवासी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी गायकवाड घराण्याच्या कवळाण्याच्या शाखेतील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. हेच पुढचे महाराज सयाजीराव. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलास तोवर अक्षरओळखही धड नव्हती. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि अवघ्या सहा वर्षांत, डिसेंबर १८८१ मध्ये, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. ज्या वयात इतर मुले मराठी शाळा संपवीत त्या वयात ज्याने धुळाक्षरे गिरविली, त्याने पुढे जन्मभर वाचनाचा व्यासंग ठेवला. परिश्रमाचे याहून बोलके उदाहरण शोधावयास आपल्याला शहराबाहेर जाण्याचे कारण नाही.

सयाजीरावांनी १८८७ मध्ये प्रथम युरोपचा प्रवास केला आणि त्यानंतर अनेकदा केला. त्यांच्या परदेशगमनावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु महाराज प्रवासाला रिकाम्या डोळ्यांनी जात नसत. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास वडोदऱ्यास आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास प्रारंभ केला. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. खेड्यापाड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव जात, वाचून झाल्या की परत येत आणि दुसऱ्या गावी निघत. प्रवासात जे पाहिले ते प्रजेच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन पोचविणे, ही प्रवाशाची परतफेड होय. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला होता. १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सयाजीराव जेथे जात तेथे ते राजे म्हणून जात. त्यांच्यासाठी दारे अगोदरच उघडलेली असत. यजमानाच्या सौजन्याची खरी परीक्षा अशा पाहुण्याच्या वेळी होत नाही.

दुसरा प्रवासी विनायक नरहर भावे. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे वडोदऱ्यास आला, येथेच शिकला, येथील ग्रंथालयात त्याने भरपूर वाचन केले आणि येथल्या रस्त्यांवर मित्रांबरोबर मैलोगणती पायपीट केली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेस उतरला आणि काशीची वाट धरून निघून गेला. आपण त्याला विनोबा म्हणून ओळखतो.

पुढे पस्तीस वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातील पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावासमोर ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून शंभर एकर देऊ केले. त्यातून भूदानाची पदयात्रा निघाली आणि १९६४ पर्यंत ती देशभर चालली. पहाटे अंधारात निघावे, ऊन चढण्यापूर्वी पुढचा मुक्काम गाठावा, सभेत जमीन मागावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे, असा तेरा वर्षांचा परिपाठ. त्यांच्या मागण्याची रीतही पाहण्यासारखी होती. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. मागणारा माणूस घरचा होऊन मागत होता. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी भूमिहीनांच्या हाती कधीच पोचली नाही, हेही सांगितले पाहिजे. धीर आणि परिश्रम चालणाऱ्यापाशी पुरेपूर होते. ज्यांनी शब्द दिला आणि ज्यांनी तो अंमलात आणावयाचा, त्यांच्यापाशी ते तितके नव्हते.

याच यात्रेतील दोन प्रसंग मी शेजारी शेजारी ठेवतो. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारातील देवघर येथे विनोबा हरिजन सहकाऱ्यांसह वैद्यनाथाच्या दर्शनास निघाले असता पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. विनोबांच्या कानावर मार बसला. हल्लेखोरांना शिक्षा व्हावी अशी इच्छा त्यांनी धरली नाही. १९५८ मध्ये ते पंढरपुरास आले. तेथील मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले होते आणि दार उघडले होते. या खेपेस विनोबांना तर निरनिराळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या दर्शनास सन्मानाने बोलावण्यात आले. श्रोतेहो, प्रवासी तोच होता, त्याची नम्रता तीच होती. बदलले होते ते दार.

आता तिसरा प्रवासी. त्याची कथा सांगण्यापूर्वी आपल्या घरातील एका जुन्या रिवाजाची आठवण देतो. उन्हातान्हातून कोणी दाराशी आला की त्याला आधी गूळपाणी द्यावयाचे, तो टेकला, त्याचा श्वास खाली बसला, की मग कोठून येणे झाले म्हणून विचारावयाचे, हा आपला रिवाज. इंग्रजीत विनंतीसाठी उठता बसता वापरण्याचा एक शब्द आहे, आपल्या बोलण्यात तसा शब्द क्वचितच येतो. आपले सौजन्य असते ते ‘या, बसा, पाणी घ्या’ या तीन क्रियापदांत. मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे, अगत्य. या अगत्याचे सारे मर्म त्याच्या क्रमात आहे. पाणी आधी, चौकशी नंतर.

१९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर चार मुले गाडीतून उतरली. त्यांतील एकाचे नाव भीमराव. वडिलांना भेटण्यास ती निघाली होती, परंतु वडिलांना पत्र न मिळाल्याने घ्यावयास कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने विचारपूस केली. पण आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच ते थबकले आणि दूर झाले. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकावेत या अटीवर गाडी मिळाली. बरोबर जेवण होते, पण रात्रभराच्या त्या वाटेवर प्यावयास पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावर मागितले, तेथेही नाही. आपल्या रिवाजाचा क्रम उलटला की काय होते ते पाहा. येथे चौकशी आधी झाली, म्हणून पाणी मिळाले नाही.

हाच मुलगा १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढे लंडनला शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार वडोदरा राज्याची नोकरी करण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये परतले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते बुडाले. सप्टेंबरमध्ये ते या शहरात आले. हिंदू खाणावळ आपल्याला घेणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. विजेचा दिवा नाही, सोबतीला कोणी नाही, सभोवती अडगळ. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि ते वाट पाहत होते. यालाच आपण धीर म्हणतो ना?

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत जावयास निघाले होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करण्यासाठी त्यांनी हातात घेतली, तोच जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी वर आले होते. त्यांनी दरडावून विचारले, तू कोण? आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. आठवडाभराची मुदत त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. शहरात त्यांचे दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईस जाण्याचे ठरवून तोवरचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. पुढे कित्येक वर्षांनी ही हकिकत त्यांनी लिहून ठेवली आणि ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. हे आठवले की आजही डोळ्यांत पाणी येते, अशा आशयाची नोंद त्यांनी केली आहे. बागेतील ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगात मला सर्वांत अस्वस्थ करतात ती त्यांच्या हातातील ग्रंथालयाची पुस्तके. ज्या राजाने शिष्यवृत्ती दिली, ज्याने सर्वांसाठी शाळा काढल्या आणि ग्रंथालये उघडली, त्याच राजाच्या नगरात त्याच ग्रंथालयाची पुस्तके वेळेवर परत करावयास निघालेल्या विद्वानाला रात्रीपुरती खोली मिळाली नाही. ग्रंथालय हुकमाने उघडता येते, शाळा कायद्याने सक्तीची करता येते, परंतु घराचे दार हुकमाने उघडत नाही. तेथे राजाचा अधिकार संपतो आणि तुमचा आमचा सुरू होतो.

आणखी एक. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाहुण्याच्या तोंडी हा शब्द यावयास यजमानाचे अगत्य लागते. त्या रात्री गाडीत बसताना डॉ. आंबेडकरांनी ‘येतो’ म्हणावे असे या शहराने काय केले होते? ते त्या नोकरीवर परतले नाहीत. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्या परिश्रमाचे आणि धैर्याचे फळ पुढे साऱ्या देशाला मिळाले, हे खरे. पण म्हणून, पाहा, धीर धरला की सारे ठीक होते, असा बोध कोणी यातून काढू लागला तर तो मला मान्य नाही. त्यांना जो धीर धरावा लागला तो आमच्या अगत्याच्या अभावाची भरपाई होती. ज्याला पाणी नाकारले त्याच्या सहनशीलतेचे गोडवे गाणे हे नाकारणाऱ्याला फार सोयीचे असते.

या शहरातील मराठी घरांवर याची जबाबदारी थोडी अधिकच आहे. गायकवाडांच्या पाठोपाठ शिलेदार, कारकून, शास्त्री, शिक्षक यांची घराणी दक्षिणेतून येथे आली. या गुजराती भूमीने आपल्याला सामावून घेतले, आपली भाषा, आपल्या शाळा, आपले गणपती येथे नांदले. पाहुणे म्हणून ज्यांनी इतके घेतले, त्यांना यजमान म्हणून हात आखडता घेता येणार नाही. आजही विद्यापीठात शिकावयास, कारखान्यांत काम करावयास देशाच्या कोनाकोपऱ्यांतून तरुण या शहरात येतात आणि भाड्याची खोली शोधत हिंडतात. त्यांना दाराशी विचारला जाणारा पहिला प्रश्न कोणता असतो, हे आपण सारे जाणतो. तो आडनावाचा असतो. चौकशी आधी, पाणी नंतर, आणि पुष्कळदा पाणी नाहीच.

शाळेने मुलांना धीर आणि परिश्रम शिकवावेत, ते शिकविण्यात ही शाळा कमी पडलेली नाही. माजी विद्यार्थ्यांच्या भरलेल्या या सभागृहावरून ते दिसतेच. पण ते अर्धे शिक्षण झाले. मुलाला दूरवर चालावयास शिकविणारी शाळा त्याला दार उघडावयासही शिकवीत असेल, तरच ती पुरी. वर्गात नवा मुलगा आला की त्याला बाकावर जागा करून देणे, त्याचा डबा आपल्या डब्याशेजारी उघडणे, या गोष्टींना गुण मिळत नाहीत. परंतु १९१७ च्या त्या सप्टेंबरात या शहरात जे उणे पडले ते नेमके हेच होते.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती करून मी थांबतो. आपल्यापैकी कित्येकांची आता स्वतःची घरे आहेत, कचेऱ्या आहेत, भाड्याने द्यावयाच्या खोल्या आहेत. पुढच्या खेपेस कोणी अनोळखी तरुण दाराशी उभा राहिला, तर त्याचे नाव विचारण्यापूर्वी त्याला आत बोलवावे, बसवावे आणि पाणी द्यावे. गुरुजींच्या स्मृतीला याहून अधिक काही हवे असेल असे मला वाटत नाही.