जुन्या मोटारीचा रंग



जुनी मोटार विकत घेताना इंजिनाची चौकशी सारेच करतात. टायर कितपत झिजले आहेत तेही वाकून पाहतात. रंगाची चौकशी मात्र ‘चकाकतो आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर संपते. आज मला या प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे. चकाकणारा रंग आणि चांगला रंग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद न ओळखल्यामुळे चांगल्या मोटारींचे रंग आपल्याकडे हौसेने, पदरचे पैसे खर्चून बिघडविले जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आदिलाबादच्या एखाद्या तरुणाने हैदराबादेत दोन आसनांची, ठेंगण्या बांध्याची, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली. नवी घेण्याची ऐपत नाही आणि हौस तर दांडगी, अशा माणसाने जुनी घ्यावी यात काहीच गैर नाही. सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता तोडून तो रात्री घरी पोचला. सकाळी उन्हात गाडी पाहतो तो काय, हुडावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक चऱ्यांचे जाळे दिसते आहे! दुकानातील दिव्यांखाली तर यातले काहीच दिसले नव्हते.

वास्तविक हे चरे वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना गेलेले, केसाहून बारीक ओरखडे असतात. प्रतिबिंबाभोवतीचे जे ओरखडे योग्य दिशेने पडलेले असतील तेवढेच उजेड डोळ्यांकडे परतवितात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. आपण जागा बदलली की जाळेही बरोबर सरकते. पसरलेल्या मंद प्रकाशात ते दिसत नाही, आणि त्यासाठी विकणाऱ्याने लबाडी केलीच असली पाहिजे असे नाही. अर्थात लबाडीही होते. तेलकट पॉलिशने चरे तात्पुरते बुजविले जातात. काही ठिकाणी तर रॉकेलाचा किंवा डिझेलचा हात फिरवून गाडी गिऱ्हाइकापुढे उभी करतात. दोन-चार वेळा धुतली की ती चकाकी उतरते. गाडी उन्हात पाहावी, आणि मालकाची परवानगी घेऊन एखाद्या कोपऱ्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे मऊ फडके फिरवावे. तेलाखाली दडलेले सारे वर येते.

आता हा तरुण काय करील? तो गॅरेजात जाऊन ‘रबिंग-पॉलिश’ करून मागेल. तेथील कारागीर कंपाउंड लावून यंत्र फिरवील, तासाभरात गाडी आरशासारखी होईल आणि दोघेही समाधानाने घरी जातील. या समाधानाची किंमत काय पडली हे समजण्यासाठी रंगाच्या अंतरंगात थोडे शिरावे लागेल.

आजच्या कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. गंज रोखणारा एक, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे आस्तर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हे सारे मिळून जाडी भरते अवघी शंभर ते दीडशे मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचे एक पान सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असते. वरचा पारदर्शक थर बहुधा चाळीस ते पन्नास मायक्रॉनांचा, म्हणजे त्या पानाहूनही पातळ. चकाकी असते ती याच थरात. खालच्या रंगाला उन्हापासून वाचविणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. चरे पडतात तेही बहुतेक याच थरात.

चरा म्हणजे पोकळी. पोकळी काढून टाकता येत नाही. तिच्या भोवतालचा भाग तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. फळीवरची खाच घालविण्यासाठी सुताराला सारी फळी रंधावी लागते, त्यातलाच हा प्रकार. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडाने त्याच्या कित्येक पट जातो, आणि पॉलिश कागदाने घासले तर विचारूच नका. गेलेला थर पुन्हा येत नाही. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत टपावर व हुडावर पांढुरके डाग उमटतात, पापुद्रे सुटू लागतात, आणि मग कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग नव्याने रंगविणे एवढाच उपाय उरतो.

मग ही रबिंगची चाल पडली कशी? तिचा इतिहास मनोरंजक आहे, आणि तो आदिलाबादकरांना थोडा जवळचाही वाटेल. मोटारी नव्या होत्या त्या काळी घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणे त्यांनाही कुंचल्याने रोगण देत, आणि ते थरावर थर वाळण्यास आठवडे लागत. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळे. लवकर वाळणारे काळे रोगण हे त्याचे एक कारण सांगतात. १९२३ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीचे ‘डुको’ हे लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर निळ्या रंगात आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हे लॅकर कशाचे होते? कापसाचे! कापसाच्या तंतूंवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. त्याचा एक प्रकार स्फोटक म्हणून तोफखान्याकडे गेला, दुसरा मोटारींच्या अंगावर चढला. ड्युपाँट ही मुळात दारूगोळ्याचीच कंपनी. काळ्या रानात पिकणाऱ्या कापसाची सरकी, गाठी आणि भाव एवढेच आपण जाणतो. त्याच जातीच्या तंतूने जगभरच्या मोटारींना रंग दिला, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

हे डुको पुढे निर्मलच्या कारागिरांनीही उचलले. निर्मल हे गाव २०१६ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. तोपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेथील लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. पोणिकीचे हलके लाकूड कोरावयाचे, त्यावर चिंचोक्याची खळ व पांढरी माती यांचे लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करावयाचा आणि मग रंग चढवावयाचा, अशी ती रीत. मोटारीसाठी निघालेला रंग लाकडी पक्ष्यांवर आणि फळांवर जाऊन बसला. रंग कितीही उंची असो, खालचे आस्तर नीट नसेल तर तो शोभत नाही, हे त्या नकाशांना मोटारीच्या कारखानदारांइतकेच पक्के ठाऊक आहे.

पण मुद्दा असा की, लॅकर फवारल्यावर मंद दिसे. त्याला झळाळी येण्यासाठी ते घासावेच लागे. त्या काळी रबिंग ही दुरुस्ती नव्हती, रंगकामाचीच ती शेवटची पायरी होती. पुढे वर्षा-दोन वर्षांत उन्हाने वरचा भाग मळकट झाला म्हणजे पुन्हा हात फिरवावयाचा. फडक्याला रंग लागे आणि खालून ताजा रंग निघे. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळापर्यंत हे शास्त्र शोभून गेले, कारण त्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे, वरपासून खालपर्यंत एकच रंग असे. १९८० नंतरच्या काळात क्लिअर कोट रूढ होत गेला. रंग बदलला, पण हाताची सवय बदलली नाही. आपल्या वडीलधाऱ्या पेंटरांविषयी मला पूर्ण आदर आहे; डोळ्यांनी रंग जुळविण्याची त्यांची विद्या यंत्रालाही सहज साधत नाही. परंतु दर दिवाळीला रबिंग हा जो रिवाज त्यांनी घालून दिला, तो आजच्या मोटारीला मारक आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तर आपल्या तरुणाने प्रथम गाडी धुवावी. सावलीत धुवावी, आणि दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत हात पुसण्याचे फडके विसळण्यापुरते स्वच्छ पाणी. एकाच बादलीत फडके बुडवीत राहिल्यास धुळीतले गारेचे कण पुन्हा रंगावरच घासले जातात. आदिलाबादच्या आसपास चुनखडीचा दगड विपुल आहे, त्यामुळे बोअरचे पाणी जड असण्याचा संभव फार. असे पाणी रंगावर वाळू दिले तर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून ते लगेच मऊ टॉवेलाने टिपून घ्यावे. ताजे ठिपके पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. यानंतर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हुडावरून हात फिरवावा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा रंग बोटांना खरखरीत लागतो. डांबराचे शिंतोडे आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण तेथे रुतलेले असतात. त्यांच्यासाठी मातीसारख्या मऊ वड्या मिळतात. साबणाच्या पाण्यावरून त्या हळुवार सरकविल्या की हे कण उचलले जातात. निम्म्या गाड्यांचे निस्तेजपण एवढ्यानेच जाते असा माझा समज आहे.

मग मापन. रंगाची जाडी सांगणारे छोटे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते, आणि ज्याने स्पोर्ट्‌स मोटारीवर लाखो रुपये घातले त्याने एवढ्यासाठी हात आखडू नये. मात्र लोखंड व ॲल्युमिनियम या दोहोंवर चालणारे यंत्र घ्यावे, कारण अशा मोटारींचे हुड पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे यंत्र मुके होते. हे मापन खरे तर सौद्यापूर्वीच करावयास हवे. सगळीकडे शंभर-सव्वाशे आणि एकाच दारावर तीनशे असा आकडा आला तर ते दार पुन्हा रंगविलेले आहे. आकडा हजाराच्या घरात गेला तर आत पुटी भरलेली आहे, म्हणजे तेथे अपघात झाला होता. ज्याची गाडी ‘फक्त एका डॉक्टरांनी चालविलेली’ असते, त्या विक्रेत्यासमोर हा आकडा शांतपणे वाचून दाखवावा. भावात फरक पडतो. उलट, कोठे ऐंशीच्याही खाली आकडा आला तर कोणीतरी आधीच बराच थर खाल्ला आहे असे समजावे आणि त्या भागाला यंत्र लावूच नये.

यानंतरच पॉलिश. धारांवर आणि कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे चिकटपट्टी लावून घ्यावी. यंत्र नुसते गरगर फिरणारे नसावे. फिरता फिरता डोलणारे, ज्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात, ते नवख्या हातालाही सांभाळते आणि रंग तापू देत नाही. प्रारंभ हुडावरच्या हातभर जागेत, सर्वांत हलक्या पॉलिशने आणि सर्वांत मऊ स्पंजाने करावा. तेवढ्याने काम भागले तर साऱ्या गाडीला तेच. न भागले तरच एक पायरी वर जावे. मध्येच फडके पाहावे. पारदर्शक थर असलेल्या गाडीच्या फडक्यावर लाल रंग उमटू लागला, तर तो थर संपला. त्या क्षणी हात थांबलाच पाहिजे. मे महिन्यात आदिलाबादला हुडावर हात टेकवत नाही, तेव्हा हे काम करू नये. डिसेंबरातील कोरड्या, गार हवेत, सावलीत केलेले काम सर्वांत चांगले होते.

नखाला अडकणारा चरा राहू द्यावा. तो काढावयाचा तर बहुधा सारा थर खर्चावा लागेल. महामार्गावर उडालेल्या खड्यांनी हुडाच्या नाकावर पडलेल्या टिकल्या पॉलिशने जात नाहीत. त्यांत काडीच्या टोकाने रंगाचा थेंब सोडावा. सात-आठ दशांश चरे गेले की गाडी दहा पावलांवरून नव्यासारखी दिसते. उरलेल्या दोन दशांशांसाठी हट्ट धरणारे लोक मोटार पाहत नाहीत, दिव्याखाली फक्त चरे पाहतात.

हल्ली सिरॅमिक लेपाची मोठी जाहिरात होते. पाणी ओघळून जाते, धुणे सोपे होते, हे खरे. परंतु तो चरे घालवीत नाही. आहेत त्या चऱ्यांवर बसतो. जाहिरातीतील ‘नऊ एच’ हा आकडा पेन्सिलींच्या कसोटीचा आहे, हिऱ्याच्या कठीणपणाशी त्याचा काही संबंध नाही. लेप लावूनही धुळीचे फडके फिरविले तर चरे पडणारच.

आणि या साऱ्या चऱ्यांचे उगमस्थान आपल्या दारातच आहे. रोज सकाळी उठून धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने झटकावयाची, ही आपली सार्वत्रिक रीत. मालकाला ती टापटीप वाटते, आणि ज्याला त्या कामाचा पगार मिळतो तो बिचारा जितका मनापासून पुसतो तितके चरे अधिक पडतात. धूळ राहिली तर राहू द्यावी; आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावी. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसताक्षणी ओल्या कापसाने भिजवून उचलावी, कारण उन्हात तापलेल्या थरात ती अक्षरशः खड्डा पाडते.

पॉलिश झाल्यावर पुन्हा एकदा मापन करून हुड, टप, दारे असे भागवार आकडे तारखेसह वहीत उतरून ठेवावेत, आणि कोणते पॉलिश वापरले तेही. पुढे कधी गाडी विकावयाची झाली, तर ही वही कागदपत्रांबरोबर नव्या मालकाच्या हाती द्यावी. हुडावर आता किती उरले आहे, हे त्याला दुसरे कोणी सांगणार नाही.